फर्डा शब्दाच्या तीन साक्षी

धाकट्याचा फोन दर सोमवारी सकाळी नऊच्या ठोक्याला यायचा आणि त्याची सुरुवात ठरलेली असायची. "ताई, कशी आहेस?" असं विचारायचं, उत्तरासाठी अर्धा श्वास थांबायचं आणि लगेच मूळ मुद्द्यावर यायचं.

"एखादा शब्द दे ना गं."

जशी काही ती भाजीचा गाडा लावून बसली होती आणि हा कोथिंबिरीची जुडी मागत होता!

थोरली शब्दकोशाच्या कार्यालयात होती. सव्वीस वर्षं झाली. तिसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली, दोन्ही भिंतींना छतापर्यंत लाकडी खणांची कपाटं आणि खणांत तळहाताएवढ्या चिठ्ठ्या. अर्थाची चिठ्ठी पांढरी, वापराची पिवळी आणि शब्द कुठून आला ते सांगणारी निळी. निळ्या चिठ्ठ्या सगळ्या थोरलीच्या ताब्यात. अमुक शब्द पहिल्यांदा कुठे लिहिला गेला, कुठल्या भाषेतून आला, वाटेत त्याचे काय हाल झाले, हे शोधता शोधता तिच्या चष्म्याचा नंबर चारदा वाढला होता. एका निळ्या चिठ्ठीवर चार ओळी लिहायला तिला कधी चार दिवस लागत, कधी चार महिने. पण ती लिहायची ते पक्कं. बाईंची निळी चिठ्ठी म्हणजे दगडावरची रेघ, असं कार्यालयात म्हणायचे.

आणि धाकटा बोलायचा. म्हणजे पोटासाठी तो एका विमा कचेरीत खुर्ची उबवायचा, पण त्याचा जीव सगळा बोलण्यात. उद्घाटन असो, निरोप असो, शोकसभा असो, याच्या हातात माइक दिला की संपलंच. लोक चहा हातात धरून गार करायचे. पाच मिनिटं टेकून जाऊ म्हणून आलेले शेवटी खुर्च्या उचलणाऱ्यांबरोबर बाहेर पडायचे. फर्डा वक्ता म्हणतात ना, तो अगदी असा असतो. खोटं कशाला बोला, थोरलीसुद्धा त्याचं ऐकताना पार हरवून जायची आणि भानावर आली की स्वतःवरच चरफडायची. कारण तो जे सांगत असायचा, ते सगळं तिचंच असायचं.

वीस वर्षं ती त्याला शब्द पुरवत होती. वीस वर्षांत त्यानं व्यासपीठावरून एकदा, चुकून, झोपेत बडबडल्यासारखंसुद्धा "हे माझ्या बहिणीनं शोधलं" म्हटलं नव्हतं.

तरी तिनं ते गिळलं असतं. वर्षानुवर्षं गिळतच होती. पण गेल्या रविवारी काय झालं, एका वाचनालयाच्या वाढदिवसाला त्याचं भाषण होतं आणि थोरली मागच्या रांगेत बसली होती. स्वयंपाकघरातल्या एका साध्या भांड्याच्या नावासाठी तिनं आठ महिने घातले होते. जुनी दप्तरं उपसली, धुळीनं दमा व्हायची वेळ आली. तो शब्द धाकट्यानं काढला, सभेवर छान नजर फिरवली आणि म्हणाला, "परवा सहज एक जुनं पुस्तक चाळत होतो, आणि एकदम माझ्या ध्यानात आलं..."

सहज! आठ महिने एका बाजूला आणि याचं सहज एका बाजूला! थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन तिनं भाकऱ्या थापल्या त्या अशा, की खालच्या मजल्यावरची बाई विचारायला आली, काही पडलं का म्हणून.

आणि दुसऱ्याच दिवशी सोमवार. नऊचा ठोका. फोन.

"ताई, कशी आहेस? बरं ऐक, या वेळी साधासुधा शब्द नकोय. वक्त्यांचाच मेळावा आहे. समोर सगळे बोलणारेच बसणार. मला सगळे फर्डा फर्डा म्हणतात, तर म्हटलं त्या शब्दाचंच मूळ सांगावं. आहे ना तुझ्याकडे?"

तिच्याकडे फर्डाची निळी चिठ्ठी होती. तिच्यावर सहा वर्षांपूर्वी तिच्याच हातानं काढलेलं एक प्रश्नचिन्ह होतं आणि बाकी सगळी कोरी. अर्थाला काही अडचण नव्हती. ओघानं, ठसक्यात बोलून ऐकणाऱ्याला जागेवर खिळवणारा तो फर्डा, हे शेंबडं पोरही सांगेल. पण शब्द आला कुठून? कुणी परभाषेकडे बोट दाखवलं होतं, कुणी दुसरंच काही सुचवलं होतं, पण भक्कम पुरावा एकाकडेही नव्हता. "माहीत नाही रे" एवढंच म्हणायचं होतं. सव्वीस वर्षांत ते तिनं हजारदा म्हटलं होतं.

"सापडलंय की," थोरली म्हणाली.

आपण काय बोललो ते तिच्या कानांना ऐकू आलं आणि पोटात एकदम गुदगुल्या झाल्या. मग ती थांबलीच नाही.

"लिहून घे. जुन्या काळी जकातनाक्यावर वाट अडवायला एक लांब लाकूड आडवं टाकायचे. त्या लाकडाला म्हणायचे फर्डा. एका नाक्यावरचा नाकेदार असा बोलका, असा बोलका, की जकात भरून झाली, लाकूड वर उचललं, तरी गाड्या पुढे सरकेनात. गाडीवाले त्याचं ऐकत तिथंच उभे. मागे ही रांग! मग लोक म्हणायला लागले, अहो, लाकूड कशाला हवं, हा माणूसच फर्डा आहे."

मग धाकटा म्हणाला, "ताई, काय सोनं आहे गं हे!"

"आहेच मुळी," थोरली म्हणाली आणि फोन ठेवून तोंडात पदर कोंबून हसत बसली.

तिचा बेत साधा होता. मेळाव्यात पहिल्या रांगेत एक निवृत्त न्यायाधीश बसतात हे तिला ठाऊक होतं. भल्याभल्या वक्त्यांना ते भाषण संपल्यावर उभे राहून विचारायचे, "पुरावा काय?" विचारतील धाकट्याला, बोबडी वळेल, चारचौघांत एकदा नाक कापलं जाईल आणि मग तरी बोलता बोलता तोंडून निघेल की, अहो, हे माझ्या ताईनं सांगितलं. तेवढंच तिला हवं होतं. लाज निघताना का होईना, पण नाव निघावं.

मेळाव्याला ती मुद्दाम गेली, मस्त इस्त्रीची साडी नेसून.

धाकट्यानं नाका उभा केला. धूळ उभी केली. नाकेदाराला टक्कल दिलं, ढेरी दिली, एक भांडकुदळ बायको दिली. थोरलीनं सांगितलेलं दोन मिनिटांचं होतं, त्यानं ते पंचवीस मिनिटं नेलं. शेवटी तो हात वर करून म्हणाला, "लाकूड उचललं, पण गाड्या हलल्या नाहीत!" आणि थोरलीच्या अंगावर काटा आला. स्वतःच मारलेल्या थापेवर! तिला स्वतःला थोबाडीत मारावीशी वाटली.

न्यायाधीश उभे राहिले. थोरली खुर्चीत पुढे सरकली.

"चाळीस वर्षं मी लोकांच्या साक्षी ऐकल्या," न्यायाधीश म्हणाले, "पण इतकी पटणारी गोष्ट कधी कानावर आली नाही." आणि टाळ्या वाजवायला लागले.

घ्या. करायला गेली काय आणि झालं काय! थोरलीनं मनात म्हटलं, जाऊ दे, हवेतली गोष्ट आहे, हवेत विरेल. आणि ती कामाला लागली, कारण कार्यालयात तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नव्हती. प पासून म पर्यंतचा खंड छापायला जायचा होता. शिवाय तीन महिन्यांत संपादक निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी थोरली बसणार, हे जवळजवळ ठरलं होतं. शिफारसपत्र तेवढं संपादकांनी लिहायचं बाकी होतं. सव्वीस वर्षं जिच्याकडे बघत आली, ती खिडकीजवळची खुर्ची आता हातभर अंतरावर होती.

एका दुपारी मुद्रितं तपासणारे काका हातात कागद फडकवत आले. काका नेहमी कण्हत चालायचे, पण आज पळत आले.

"बाई, तुमचा फर्डा सुटला! सहा वर्षांचं कोडं! आणि बाई, तीन साक्षी, तीन!"

त्यांनी टेबलावर तीन कात्रणं मांडली. एक रोजच्या वर्तमानपत्रातली मेळाव्याची बातमी. एक विमा कचेरीच्या कर्मचारी मासिकातला लेख. आणि तिसरं म्हणजे टेबलावर ठेवायच्या तारीखवार कॅलेंडरचं पान, त्यावर चौकटीत 'आजचा शब्द: फर्डा' आणि खाली जकातनाका, लाकूड, नाकेदार, सगळं जिथल्या तिथं. कॅलेंडरवाल्यानं तर लाकडाची लांबीसुद्धा दिली होती. साडेआठ हात.

थोरलीच्या पायाखालची जमीन सरकली.

आता इथली पद्धत सांगायला हवी, नाहीतर जमीन का सरकली ते कळायचं नाही. या कार्यालयाचा एकच कायदा होता आणि तो दारावरच्या पाटीवर रंगवलेला होता: तीन छापील साक्षी, तीन वेगळ्या ठिकाणच्या. तेवढ्या मिळाल्या की गोष्ट कोशात जाते. दोन मिळाल्या तर थांबते. आणि तोंडी साक्ष मुळीच चालत नाही, मग ती प्रत्यक्ष संपादकांची का असेना. का, तर तोंडी बोलणाऱ्याला काय, आज एक बोलेल, उद्या दुसरं. ही पाटी दरवर्षी नव्यानं रंगवायला थोरलीच रंगारी बोलवायची.

बुधवारच्या बैठकीत संपादकांनी तीनही कात्रणं चष्मा लावून वाचली, चष्मा काढून वाचली आणि प्रसन्न झाले. हे वर्षातून एकदा व्हायचं.

"नोंद घाला. बाई, निळी चिठ्ठी करा आणि खाली सही करा."

थोरली उभी राहिली. हातातल्या टाचणीचं टोक तिनं बोटात रुतवलं होतं, पण कळलं नाही.

"सर, हे खोटं आहे. हे मूळ मी बनवलंय. भावाची फजिती करायची म्हणून फोनवर बसल्या बसल्या बनवलं. असं लाकूड नव्हतं, असा नाकेदार नव्हता. तीनही साक्षी त्याच्या एकाच भाषणातून निघाल्यात."

काकांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"साक्षी आहेत?" संपादकांनी विचारलं.

"कशाच्या?"

"तुम्ही बनवल्याच्या."

"सर, मी स्वतः सांगतेय!"

"तोंडी," संपादक म्हणाले आणि दाराकडे बोट केलं. पाटी तिथंच होती, ताज्या रंगाची. "बाई, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण माझ्या विश्वासाला इथं कोण विचारतं? हे मूळ खरं आहे म्हणणाऱ्या तीन छापील साक्षी माझ्यासमोर आहेत. खोटं आहे म्हणणारी एक नाही. पंधरा दिवसांत तीन आणा, नोंद काढतो."

मग त्यांनी आवाज खाली घेतला. "आणि आणल्यात, तर एक लक्षात ठेवा. मूळ बनवणाऱ्या माणसाला या खोलीत खुर्ची सोडा, टेबलसुद्धा मिळत नाही. मला वाईट वाटेल. पण मिळणार नाही."

म्हणजे बघा हं. गप्प बसली तर खुर्ची पक्की, पण तिच्या सहीनं एक थाप कोशात जाणार आणि पुढची पन्नास वर्षं लोक ती खरी म्हणून वाचणार. आणि तोंड उघडून ते छापून आणलं, तर शब्द बचावणार, पण सव्वीस वर्षांचं टेबल जाणार. काका तिला जिन्यात गाठून म्हणाले, "बाई, एक नाकेदार गेला कोशात तर काय आभाळ कोसळतंय? हजारो शब्दांत एक." थोरलीनं त्यांच्याकडे अशी काही नजर टाकली, की काका पुन्हा कण्हायला लागले.

ती तशीच धाकट्याच्या घरी गेली. भावजयीनं दार उघडलं.

"या वन्सं. साहेब आरशासमोर उभे आहेत. शनिवारी भाषण आहे ना, भुवया कधी उचलायच्या ते ठरवताहेत."

थोरलीनं चप्पलही नीट काढली नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. सहजपासून साडेआठ हातांपर्यंत सगळं.

धाकटा खुर्चीत बसला. बोलणाऱ्या माणसाचं तोंड मिटलं की तो किती लहान दिसतो, हे थोरलीनं बऱ्याच वर्षांनी पाहिलं.

"म्हणजे तू मला मुद्दाम येडा बनवलंस?"

"हो."

"अगं, त्या न्यायाधीशांनी मला घरी जेवायला बोलावलंय! नाकेदाराची गोष्ट नातवंडांना सांगायला!"

"सांग की. जेवून ये. पण शनिवारी सभेत उभा राहा आणि खरं सांग. वर्तमानपत्रवाले असतील ना?"

"असतील. त्या साप्ताहिकाचा माणूस पण येणारे. आणि वाचनालयाची पत्रिका तर माझं भाषण शब्द न् शब्द छापते." सवयीनं त्याच्या स्वरात जरा अभिमान आला. मग आठवलं आणि त्याचा चेहरा पडला. "ताई, लोक हसतील गं मला."

"हसू देत. बोल, की माझ्या बहिणीनं थाप मारली आणि मी ती गिळली. माझं नाव घे, हुद्दा सांग, कार्यालयाचं नाव सांग. आडून आडून काही नको. वीस वर्षं घेतलं नाहीस माझं नाव, आता एकदा घे."

हे शेवटचं बोलताना तिचा आवाज कापला. तिला ते अजिबात आवडलं नाही. धाकटा वर बघायला लागला आणि बघतच राहिला.

"तुला एवढं लागत होतं?"

"नाही, मला वीस वर्षं गंमत वाटत होती!"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणं तुझ्याकडे आलं ना सगळं! आईनं वाटणी केली तेव्हा मी चिठ्ठ्यांच्या खणात होते."

भावजय स्वयंपाकघरात फिस्सकन हसली. धाकट्याला हसू आलं नाही. त्यानं विचारलं, "आणि तुझ्या टेबलाचं काय होणार?" थोरली म्हणाली, "ते मी बघेन. तू बोलायचं काम कर." कागदावर तिनं त्याला काय बोलायचं ते पाच वाक्यांत लिहून दिलं, सही केली, तारीख घातली आणि चहा न पिताच निघाली.

शनिवारी सभागृह खच्चून भरलं होतं. थोरली शेवटच्या रांगेत, भिंतीला पाठ लावून बसली. पहिल्या रांगेत न्यायाधीश, सोबत दोन नातवंडं. थोरलीनं सकाळीच टेबलावरची आपली लेखणी, भिंग आणि पाण्याची बाटली पिशवीत भरून आणली होती. नंतर उगाच सगळ्यांसमोर आवराआवर नको.

धाकटा उभा राहिला. खिशातून तिचा कागद काढला, उलगडला, एकदा वाचला आणि घडी करून परत खिशात ठेवला.

"मंडळी," तो म्हणाला, "आज मी गुन्हा कबूल करायला उभा आहे. आणि समोर न्यायाधीश आहेत, तेव्हा जागा चुकलेली नाही."

हशा झाला. मग त्यानं सांगितलं. जकातनाका नव्हता. लाकूड नव्हतं. साडेआठ हात नव्हते, साडेआठ बोटंही नव्हती. फर्डा शब्दाचं मूळ आजघडीला कुणालाही खात्रीनं माहीत नाही. लोक आधी चकित झाले, मग एकमेकांकडे बघायला लागले, मग हसू फुटलं आणि ते आवरेना. तुम्ही सगळे नाक्यावर उभे राहिलात ना, तो म्हणाला, लाकूड नसताना? न्यायाधीश इतके हसले की नातीनं त्यांची पाठ चोळली. थोरली मान खाली घालून आपलं नाव येण्याची वाट बघत होती.

"आणि ही थाप," धाकटा म्हणाला, "एका सकाळी दाढी करता करता मी स्वतः बनवली."

थोरलीची मान झटकन वर आली.

एवढंही! आयुष्यभर खरं नेलं ते नेलं, आता एक खोटं होतं तिच्या मालकीचं, तेही याला हवं! ती उभी राहिली. सव्वीस वर्षांत चारचौघांत तिनं आवाज चढवला नव्हता, तो एकदम चढला.

"खोटं बोलतोय हा! ती थाप माझी आहे!"

तीनशे माना मागे वळल्या. वर्तमानपत्रवाल्यानं वही उघडली. आणि धाकट्यानं, त्या गधड्यानं, सभेला शांत करायला हात वर केला. सभा शांत झालीसुद्धा.

"मंडळी, ही माझी ताई. शब्दकोशात निळ्या चिठ्ठ्या लिहिते. मी लहानपणी काच फोडली की ही पुढे होऊन म्हणायची, मी फोडली. अजून सवय गेली नाही, बघा." लोक कौतुकानं हसले. "आता खरं ऐका. गेली वीस वर्षं मी इथं उभा राहून तुम्हाला जेवढे शब्द सांगितले, ते सगळे हिनं शोधले. मी एकही शोधला नाही. सहज तर नाहीच नाही. एकेका शब्दापायी ही आठ आठ महिने धूळ खात होती आणि मी त्याच्यावर टाळ्या खात होतो. माझ्या बोलण्यात जे जे खरं होतं ते हिचं. हे एक खोटं तेवढं माझं स्वतःचं, आणि तेही हिला बघवत नाही."

मग टाळ्या सुरू झाल्या, त्या धाकट्याकडे बघून नव्हे. सगळं सभागृह मागे वळून उभं राहिलं. थोरलीनं तोंड उघडलं. "अहो, नाही, खरंच मी..." म्हणाली, पण ते शेजारच्या बाईलाही ऐकू गेलं नाही. त्या बाईनं तर तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "असा जीव लावणारी बहीण हवी हो."

सभा संपल्यावर व्यासपीठामागच्या खोलीत थोरलीनं त्याला गाठलं आणि पिशवीनंच एक तडाखा हाणला. भिंग होतं आत, चांगलं लागलं.

"कागदावर काय लिहून दिलं होतं मी? कुठली काच? काच कधी फोडली होतीस तू?"

"नव्हती फोडली," धाकटा खांदा चोळत म्हणाला. "तुझं खरं इतकी वर्षं माझं म्हणून खपवलं. मग खोटं तेवढं तुझ्या नावावर ठेवू? लाज नाही वाटणार मला?"

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला, तरी समोरचं धुरकटच दिसत होतं. "बावळट आहेस," ती म्हणाली.

गंमत अशी, की थाप पसरायला दीड महिना लागला होता, पण थापेची कबुली आठवड्यात पसरली. वर्तमानपत्र, साप्ताहिक, वाचनालयाची पत्रिका. मुदत संपायच्या आधीच काका पुन्हा पळत आले आणि तीन कात्रणं संपादकांच्या टेबलावर गेली. संपादकांनी चष्मा लावून वाचली, चष्मा काढून वाचली. नाकेदाराची नोंद काढली. निळ्या चिठ्ठीवर थोरलीनं 'मूळ अनिश्चित' असं लिहिलं आणि खाली सही केली. तिची सगळ्यात छोटी चिठ्ठी.

"बाई, जरा बसा," संपादक म्हणाले.

ती बसली. पिशवी पायाशी होती, अजून भरलेलीच.

"या तीन साक्षी काय म्हणतात? वाचा."

"थाप भावानं मारली, असं म्हणतात."

"तीन वेगळ्या ठिकाणच्या?"

"हो."

"मग त्या दिवशी बैठकीत तुम्ही माझ्यासमोर धडधडीत खोटं का बोललात?"

थोरलीनं पाटीकडे पाहिलं. मग कात्रणांकडे. "सर, खरं सांगू का, ती थाप खरंच माझी..."

"बाई!" संपादकांनी हात वर केला. "पुरे आता. भावासाठी जीव तुटतो, समजू शकतो मी. मलाही बहीण होती. पण ही जागा कुठली आहे याचं भान ठेवा. कबूल करा आणि विषय संपवा."

सव्वीस वर्षांत थोरली या खोलीत एकदाही खोटं बोलली नव्हती.

"चुकलंच सर," ती म्हणाली. "खोटं बोलले मी. धाकटा आहे ना."

संपादकांनी समाधानानं मान हलवली, कोरा कागद पुढे ओढला आणि तिच्यासमोरच शिफारसपत्र लिहायला घेतलं. नियमाप्रमाणे ते तिला वाचायला दिलं. थोरलीनं चारही ओळी वाचल्या, ओठ गच्च मिटून हसू आवरलं आणि 'वाचलं, मान्य' असं लिहून खाली सही केली. शेवटची ओळ अशी होती: बाईंच्या तोंडी बोलण्यावर विश्वास ठेवू नये, लिहिलेल्यावर डोळे मिटून ठेवावा.